फंक्शन ‘बनलं’ म्हणजे ‘चाललं’ असं नाही

पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये नव्यानेच फंक्शन लिहू लागलेल्यांसाठी हे आहे. सिंटॅक्स तुम्हाला येतो असं धरून चालतो. मला छळलं ते एकट्या रिटर्न क्वेरीनं, म्हणजे क्वेरीच्या ओळी फंक्शनबाहेर देणाऱ्या आज्ञेनं.

व्हेरिएबलमध्ये किंमत भरताना पीएल-पीजीएसक्यूएल, म्हणजे ही फंक्शनं लिहायची भाषा, बरंच चालवून घेते. बिगइंट (मोठा पूर्णांक) खुशाल इंटिजरमध्ये (लहान पूर्णांकात) टाका, आकडा २१४७४८३६४७ च्या आत असला की कुरकुर नाही. सवय तिथेच बिघडते. मग रिटर्न्स टेबलमध्ये, म्हणजे परत द्यायच्या कॉलमांच्या यादीत, दुकानवार बिलांची संख्या इंटिजर लिहायची आणि खाली काउंट करायचं. क्रिएट फंक्शन बिनबोभाट होतं, बोलावलं की मात्र टाइप जुळत नाही म्हणून एरर! काउंट बिगइंट देतं, आणि रिटर्न क्वेरी काहीही बदलून देत नाही. इंटिजरची सम बिगइंट, बिगइंटची सम न्यूमरिक. टेक्स्ट आणि व्हारचारसुद्धा तिला वेगळे. या शेवटच्यावर माझी सुट्टी गेली आहे, अजून राग येतो.

दादरच्या पुलावरचा टीसी गाडीत चढताना अडवत नाही, उतरल्यावर धरतो, तसंच हे. त्यातून ती क्वेरी इफच्या आत असेल आणि ती वाट फक्त महिनाअखेरीला लागत असेल, तर टेस्टिंग पास आणि ३१ तारखेला घरी जाताना लोकलमध्ये फोन. प्रत्येक वाट एकदा तरी चालवून बघाच.

‘खाली क्वेरीत इंटिजरचा कास्ट ठोक’, म्हणजे बळेच इंटिजर करून घे, म्हणणारे सिनिअर भेटतील. आकडा मावेनासा होईपर्यंत ते प्रोजेक्ट बदलून गेलेले असतात. वर रिटर्न्स टेबलमधला टाइपच बदला. पण क्रिएट ऑर रिप्लेसनं रिटर्न टाइप बदलत नाही. ड्रॉप करावं लागतं, मग ग्रँट (वापरायच्या परवानग्या) पुन्हा द्यायच्या, आणि त्या फंक्शनवर व्ह्यू (साठवलेली क्वेरी) असेल तर साधा ड्रॉपही अडतो. म्हणून लिहितानाच पीजी-टाइपऑफ या फंक्शननं क्वेरीतल्या कॉलमचा टाइप विचारून घ्या.

घाबरण्यासारखं यात काही नाही. ओरॅकल हा दुसरा डेटाबेस अक्षरांच्या कॉलमची आकड्याशी तुलना करताना गुपचूप अख्खा कॉलम आकड्यात बदलतो, साधा इंडेक्स बाजूला पडतो, आणि एखाद्या ओळीत अक्षर निघालं की ओआरए-०१७२२, म्हणजे ‘आकडा चुकीचा’ अशी एरर. इथे पोस्टग्रेसमध्ये निदान एररखालच्या डिटेलमध्ये कितवा कॉलम, काय आलं, काय हवं होतं, सगळं लिहिलेलं असतं. ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये ती ओळ छापली जात नसेल तर पीएसक्यूएलमध्ये, म्हणजे पोस्टग्रेसच्या कमांड-लाइनवर, फंक्शन हातानं चालवा, तिथे दिसते.