राजकारणात रमलेलं हुशार मूल आणि हातातला मोबाइल

२३ नोव्हेंबर २०२४. विधानसभेचा निकाल लागत होता आणि आमचा अकरा वर्षांचा मुलगा वहीत आघाड्या उतरवून घेत होता. जागा २८८, बहुमताला १४५, हे त्याला तोंडपाठ. त्याच रात्री तो रडत झोपला. माझ्या खात्यावरून त्याने यूट्यूबवरच्या एका कमेंटला आकडे देऊन उत्तर दिलं होतं आणि समोरच्याने त्याला घाणेरड्या शिव्या घातल्या होत्या. आमच्या मुलाची भाषाच अशी, की पलीकडे पोर आहे हे कुणाला कळणार! अशा मुलांची बुद्धी वयाच्या पुढे धावते, मन मात्र वयाएवढंच असतं. तेव्हापासून आम्ही जे करतो, ते सांगते.

१. मोबाइल हिसकावू नका, त्याची जागा बदला. आता बघणं, वाचणं हॉलमध्येच. कमेंट करायची तर आधी वहीत लिहायची आणि आम्हाला वाचून दाखवायची. वाचून झाल्यावर ती टाकावीशी बहुतेक वेळा त्यालाच वाटत नाही.

२. मतं नकोत, मूळ कागद द्या. सगळ्यात जास्त फरक याने पडला. ‘दोन तृतीयांश आमदार फुटले की पक्षांतरबंदी लागत नाही’ असं एका व्हिडिओत ऐकून तो आला. आम्ही राज्यघटनेचं दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदाच उघडला. १९८५ साली ५२ व्या घटनादुरुस्तीने ते आलं. एक तृतीयांश फुटीची सवलत २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने काढून टाकली. दोन तृतीयांशाची तरतूद आहे, पण ती विलीनीकरणासाठी, म्हणजे पक्ष दुसऱ्या पक्षात मिसळण्यासाठी. एका शब्दाने अर्थ केवढा बदलतो, हे त्याला स्वतःला सापडलं.

उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतात. मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण, सगळं त्यात असतं. मतदान केंद्रनिहाय मतांचा तक्ता, म्हणजे नमुना २०, हाही बघता येतो. आमच्या केंद्रावर त्याला न आवडणाऱ्या उमेदवाराला भरपूर मतं पडली होती. ‘म्हणजे दूधवाले काका, शिकवणीच्या बाई, यातल्या कुणीतरी दिलं असेल?’ त्याने विचारलं. असेलही, म्हटलं. त्यानंतर ‘त्यांचे मतदार मूर्ख आहेत’ हे वाक्य घरात ऐकू आलं नाही.

३. विरुद्ध बाजू मांडायला लावा. आजोबांचा पक्ष वेगळा आहे. त्यांची बाजू तो अशी मांडतो, की आजोबांनी ‘हो, हेच म्हणायचंय मला’ म्हणायला हवं. मगच स्वतःचा मुद्दा.

४. पडद्याबाहेरचं राजकारण दाखवा. गावी आजोबांबरोबर तो ग्रामसभेत मागे बसला. दीड तास चर्चा एकाच पाण्याच्या टाकीची! कंटाळेल असं वाटलं होतं, पण घरी येताना त्याचे प्रश्न संपेनात.

५. आधी आपली फॉरवर्ड सुधारा. मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवलेला एक फोटो जुना निघाला. त्यानेच गुगल लेन्सवर शोधून दाखवलं. मी ग्रुपवर ‘माझं चुकलं’ असं लिहिलं. ते त्याने वाचलं, हे महत्त्वाचं.

६. चर्चा कुठे थांबवायची ते ओळखा. अनोळखी माणूस त्याला खाजगी मेसेज करू लागला, फोटो मागू लागला, गुप्त ग्रुपमध्ये बोलावू लागला, तर मुलावर ओरडू नका. स्क्रीनशॉट ठेवा, त्या माणसाला ब्लॉक करा, गरज पडली तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला फोन करा. आणि मूल वर्गातल्या मित्राबद्दल त्याच्या जातीवरून किंवा धर्मावरून बोलू लागलं, तर वादात पुरावे देत बसू नका. त्या मित्राला घरी जेवायला बोलवा. रात्री जेवणानंतर मात्र बातम्या बंद, निकालाच्या दिवशीसुद्धा.