सीपॅपच्या मास्कमधून हवा गळत असल्यास
स्लीप ॲप्नियासाठी, म्हणजे झोपेत श्वास वारंवार थांबण्याच्या विकारासाठी, वापरल्या जाणाऱ्या सीपॅप (दाबाने हवा पुरवणाऱ्या) यंत्राच्या मास्कमधून हवा गळू लागली की पट्टे आवळण्याचा मोह होतो. परंतु त्यामुळे मास्कची कड दुमडून गळती अनेकदा वाढते आणि नाकाच्या हाडावर व्रण पडतो. त्याऐवजी झोपण्याच्या स्थितीत आडवे होऊन, पट्टे थोडे सैल करून, यंत्र सुरू असतानाच मास्क किंचित पुढे ओढावा व पुन्हा चेहऱ्यावर टेकवावा, म्हणजे सिलिकॉनची कड हवेने फुगून नीट बसते. त्वचेच्या तेलामुळे ती निसटते, म्हणून रोज सौम्य साबणाने धुवावी. एसीच्या गारव्यामुळे नळीत पाणी साचत असल्यास यंत्र गादीच्या पातळीखाली ठेवावे. हवा दमट ठेवणाऱ्या यंत्राच्या टाकीत डिस्टिल्ड पाणीच घालावे. बाटलीबंद मिनरल पाण्यानेही क्षार साचतात. हवेचा दाब मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नये.