'आता कुठनं बोलताय?' – व्हिडिओ तपासणीच्या नोंदीचा माझा अनुभव

बेळगावात माझं मानसोपचाराचं छोटं क्लिनिक आहे. खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या रुग्णांना पावसाळ्यात व्हिडिओ कॉलवर बघतो. माझी नोंद एका ओळीची असायची: 'कॉल झाला, बरं आहे, गोळ्या चालू.'

एकदा बोलता बोलता एक ताई म्हणाल्या, 'जगावंसं वाटत नाही डॉक्टर,' आणि रेंजच गेली. पत्त्यावरच्या घरी फोन केला, तर सासूबाई म्हणाल्या, 'ती चंदगडला माहेरी गेलीया की.' म्हणजे जिल्हाच काय, राज्यही दुसरं! भावाचा नंबर मिळेपर्यंत २० मिनिटं गेली. तो घरीच होता, म्हणून निभावलं.

आता केसपेपरवर रबरी शिक्का मारतो (हो, शिक्काच). त्यात भरायच्या जागा: व्हिडिओ की नुसता फोन, सुरू-बंदची वेळ, रुग्ण या क्षणी कुठं आहे, जवळच्या माणसाचा नंबर, खोलीत कोण आहे. हे शेवटचं फार महत्त्वाचं. सासूबाई शेजारी बसल्या असतील तर 'झोप लागते' या उत्तराला काय अर्थ?

संमतीतही मी चुकत होतो. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन (फोन-व्हिडिओवरून दुरून उपचार) मार्गदर्शक सूचनांनुसार रुग्णानं स्वतः कॉल केला तर संमती गृहीत धरतात. आपण लावला तर स्पष्ट विचारून नोंदवावी लागते. बहुतेक कॉल मीच लावायचो! आता रुग्णाचेच शब्द लिहितो: 'चालतंय, बोला.' आत्महत्येच्या विचाराबद्दल विचारल्यावर 'नाही' आलं, तरी तेही लिहितो. कॉल तुटला तर कुणी लावायचा, हे सुरुवातीलाच ठरवतो.