कारो-कान स्पर्धेत किती गुण देतो: मोजायचं कसं, सुधारायचं कुठे

इंदूर, देवास, उज्जैनकडच्या शनिवार-रविवारच्या स्विस स्पर्धांत (जिथं सारख्या गुणांचे खेळाडू एकमेकांशी खेळतात) पांढऱ्याच्या ई4 ला काळ्यानं सी6 नं उत्तर द्यायचं, म्हणजे बुद्धिबळातला कारो-कान बचाव खेळायचं ठरवलं असेल, तर दोन गोष्टी आधी करा: आपल्या डावांचा हिशेब मांडा आणि 2.डी4 डी5 नंतरचा 3.ई5 हा फाटा पाठ करा. बरेच जण तिसऱ्या चालीला घोडा येईल या हिशेबानं तयारी करतात, आणि समोरचा प्यादं पुढे ढकलतो तेव्हा घड्याळ खात बसतात.

खुणा अशा: घो घोडा, उं उंट, व वजीर, ह हत्ती; प्याद्याला अक्षर नाही. × म्हणजे मारणं, + म्हणजे शह, आकड्यानंतर तीन टिंबं म्हणजे काळ्याची चाल. दोन्ही घोडे एकाच घरात जाऊ शकत असतील तर कुठला ते मध्ये लिहितात: घोजीई2 म्हणजे जी पट्टीवरचा घोडा ई2 ला, घो1एफ3 म्हणजे पहिल्या ओळीवरचा घोडा एफ3 ला. पट्ट्या ए ते एच. पहिली पट्टी ए आणि पाचवी ई, यांत गल्लत नको.

हिशेबासाठी जुन्या स्कोअरशीट काढा. 1.ई4 सी6 नं सुरू झालेले फक्त रेटिंगचे (खेळाडूच्या ताकदीचा आकडा ज्यांवरून ठरतो ते) डाव घ्या, ब्लिट्झ म्हणजे काही मिनिटांचे झटपट डाव वेगळे ठेवा. विजयाला 1, बरोबरीला अर्धा. समजा 20 डावांत 9 गुण, म्हणजे 45 टक्के, आणि प्रतिस्पर्ध्यांची सरासरी 1550. फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या, तक्त्यात प्रतिस्पर्ध्यांच्या सरासरीत 55 टक्क्यांना 36, 60 ला 72, 65 ला 110, 70 ला 149 अंक मिळवतात. पन्नासच्या खाली तेवढेच वजा होतात. म्हणून या डावांतली तुमची कामगिरी 1550 वजा 36 रेटिंगची, म्हणजे 1514. तुमचं रेटिंग 1480 असेल तर बचाव चांगला चाललाय, जरी 45 हा आकडा डोळ्यांना कमी दिसला तरी. पांढऱ्याला एकूणच 54-55 टक्के गुण मिळतात. काळ्यानं 45 मिळवले म्हणजे वाटा पुरता घेतला.

मार्च 2024 पूर्वीचे क्लासिकल (लांब वेळेचे) डाव धरत असाल तर प्रतिस्पर्ध्याचं 2000 च्या खालचं रेटिंग बदलून घ्या, कारण तेव्हा फिडेनं ही रेटिंग वर उचलली: 2000 मधून ते वजा करा आणि फरकाच्या 40 टक्के त्यात मिळवा. तेव्हाचा 1200 चा खेळाडू आज 1520 धरायचा. हे न केल्यास जुने पराभव आहेत त्यापेक्षा वाईट दिसतात. आणि 20 डावांवरून बचाव बदलू नका. एवढ्या थोड्या डावांत निव्वळ योगायोगानं आकडा 18-20 टक्के इकडेतिकडे होतो.

लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावरच्या ओपनिंग एक्सप्लोररमध्ये (कुठल्या सुरुवातीला किती गुण मिळाले ते दाखवणाऱ्या साधनात) मास्टर्सचे डाव बघून थांबू नका. तिथं 2200 च्या वरचे लोक खेळतात, तुमच्या टेबलावर ते बसत नाहीत. लिचेसचाच डेटा निवडा, 1600 आणि 1800 चे गट, रॅपिड (ब्लिट्झपेक्षा जास्त, क्लासिकलपेक्षा कमी वेळेचे) आणि क्लासिकल. (लिचेसचं रेटिंग फिडेपेक्षा फुगलेलं असतं, तेव्हा एक गट वरचा घेतला तरी चालेल.) टक्केवारीच्या आधी डावांची संख्या वाचा, 40 डावांवरची टक्केवारी सोडून द्या. मग स्वतःचे डाव तिसऱ्या चालीप्रमाणे वेगळे करा. गळती कुठे आहे ते तिथं दिसतं.

3.ई5 उंएफ5. इथं सगळ्यात जास्त वेळ द्या.

4.एच4 ला हात आपोआप ई6 कडे जातो, आणि उंट मरतो: 5.जी4 उंई4 6.एफ3 उंजी6 7.एच5. म्हणून लगेच 4...एच5. पुढे 5.उंडी3 उं×डी3 6.व×डी3 वए5+ 7.उंडी2 वए6. वजिरांची अदलाबदल झाली की पांढऱ्याचा हल्ला संपतो आणि त्याचे पांढरे चौकोन उघडे पडतात. 4.उंडी3 लाही हाच विचार: उंट घ्या, ई6, मग वजीर ए5 वरून ए6 ला. फ्रेंच बचावात जो उंट आत अडकून काळ्याला छळतो, तो इथं पाचव्या चालीला मोकळा झालेला असतो.

4.घोसी3 ई6 5.जी4 उंजी6 6.घोजीई2 हा धारदार फाटा. इथं 6...सी5 च, एकही चाल न दवडता. पांढऱ्यानं राजाच्या बाजूची प्यादी पुढे टाकलीत, तेव्हा मध्य फोडायचा. 7.एच4 ला एच5.

4.घोएफ3 ई6 5.उंई2 ही इंग्लंडच्या ग्रँडमास्टर नायजेल शॉर्टनं रुजवलेली शांत मांडणी. घोडे डी7 आणि ई7 ला, आणि मग सी5. लोक हरतात ते सी5 लांबवल्यामुळे. आठव्या-दहाव्या चालीपर्यंत ते झालं नाही तर मोहरी एकमेकांच्या पायांत येतात आणि पांढरा आरामात जागा वाढवतो.

एवढं सगळं नको असेल, तर 3...सी5 खेळा. 1961 च्या फेरलढतीत जगज्जेता टालच्या ई5 ला माजी जगज्जेता बोटविनिकनं हेच उत्तर दिलं आणि जगज्जेतेपद परत मिळवलं. 4.डी×सी5 ई6 नंतर प्यादं बहुतेक वेळा परत मिळतं. रॅपिडला आम्ही हीच वाट सुचवू.

3.घोसी3 डी×ई4 4.घो×ई4 नंतर 4...घोएफ6 5.घो×एफ6+ ई×एफ6 पुरेसं आहे. उंट डी6 ला, किल्लेकोट, हत्ती ई8 ला, आणि पांढऱ्यानं उंडी3-वसी2 मांडलं की एच5 पुढे टाका. धोका एकच: सगळी मोहरी मारामारीत गेली तर वजिराच्या बाजूला पांढऱ्याकडे एक प्यादं जास्त असतं. म्हणून फक्त राजे आणि प्यादी उरतील अशा शेवटच्या टप्प्यात उतरू नका.

4...घोडी7 आवडत असेल तर दोन खड्डे लक्षात ठेवा. 5.वई2 घोजीएफ6 ला 6.घोडी6 मात, 5...घोडीएफ6 खेळायचं. आणि 5.घोजी5 घोजीएफ6 6.उंडी3 ई6 7.घो1एफ3 नंतर एच6 नको: 8.घो×ई6, आणि राजा मध्यात उघडा पडतो. मे 1997 मध्ये डीप ब्लू या संगणकासमोर जगज्जेता कास्पारोव्ह याच चालीनं 19 चालींत हरला. आधी 7...उंडी6, मग एच6.

3.ई×डी5 सी×डी5 4.उंडी3 घोसी6 5.सी3 घोएफ6 6.उंएफ4 उंजी4 7.वबी3 वडी7 इथं काळा सुस्थितीत. कमी रेटिंगवाल्याविरुद्ध बरोबरी नको असेल तर बी5-बी4 ढकलून सी3 वर कमजोरी पाडा. अदलाबदल करत सुटलात तर अर्ध्या गुणावर उठाल. 4.सी4 ला घोएफ6 5.घोसी3 ई6. तर 3.एफ3 ला डी×ई4 4.एफ×ई4 ई5, 5.डी×ई5 घेतलं की 5...वएच4+ 6.जी3 व×ई4+, आणि कोपऱ्यातला हत्ती गेला.

2.घोसी3 डी5 3.घोएफ3 ला मात्र नेहमीच्या सवयीनं डी×ई4 आणि उंएफ5 करू नका. 5.घोजी3 उंजी6 6.एच4 एच6 नंतर 7.घोई5 येतो, पाठोपाठ वजीर एच5 ला, आणि एफ7 सांभाळणं कठीण होतं. 3...उंजी4 4.एच3 उं×एफ3 साधं आणि पक्कं.

दोन फेऱ्यांच्या मध्ये पोहे-जिलबी खाऊन परत येण्याइतकाच वेळ असतो, तेव्हा या चाली एका पानावर लिहून खिशात ठेवा. डाव संपला की स्कोअरशीटवर तयारी संपली त्या चालीखाली रेघ ओढा आणि तेव्हा घड्याळात किती मिनिटं उरली होती ते बाजूला लिहा. एकाच फाट्यात तीनदा पंधराव्या चालीआधी वेळ अर्ध्यावर आला असेल, तर दुरुस्ती तिथून सुरू करा, आणि त्या फाट्यात निदान दहा डाव होईपर्यंत दुसऱ्याला हात लावू नका.