शहराचं अन्नधोरण लिहिण्याआधी

अन्नधोरण म्हणजे शहरातल्या सगळ्यांना चांगलं अन्न कसं मिळेल याची पालिकेची योजना. मी लिहिलेल्या पहिल्या अन्नधोरणात उद्दिष्टं भरपूर होती, पण एकाही कामापुढे खात्याचं नाव नव्हतं. ते फायलीतच राहिलं. तेव्हापासून मी लिहायला उशिरा बसतो.

आधी वस्त्या पायी फिरा. कामावरून रात्री आठला परतणाऱ्या बाईला ताजी भाजी कुठे मिळते? तिथवर चालायला किती वेळ लागतो? तीच भाजी शेजारच्या वॉर्डात स्वस्त आहे का? पहाटे घाऊक बाजारात जा, काय आणि का फेकलं जातं ते हमालांना विचारा. शाळेत स्वयंपाक करणाऱ्यांशी बोला. हे सगळं नकाशावर मांडा. या कामाला दोन-तीन महिने लागले तरी लागू द्या.

मग पालिकेच्या हातात नेमकं काय आहे, ते पाहा. शेतमालाचे भाव किंवा अनुदानं बहुधा तिच्या हातात नसतात. पण मंडईच्या जागा, विक्रीचे परवाने, शाळा-रुग्णालयांची खरेदी, पडीक जमीन आणि कचरा यांवर तिचं बरंच चालतं. ब्राझीलमधल्या बेलो होरिझोंतेने 1993 मध्ये अन्नासाठी स्वतंत्र खातं उभारलं. मोक्याच्या जागा विक्रेत्यांना देताना अट घातली: ठरावीक वस्तू पालिकेने ठरवलेल्या कमी दरात विकायच्या. मला हा मार्ग फार आवडतो, कारण त्यात पालिकेने आपल्याकडे असलेली जागाच कामी लावली. मिलानने उरलेलं अन्न दान करणाऱ्या व्यवसायांना कचराकरात सूट दिली.

निर्णय घेणाऱ्या समितीत फेरीवाले, शेतकरी आणि अन्नाची चणचण सोसणारी माणसं हवीतच. कॅनडातल्या टोरांटोची अन्नधोरण परिषद 1991 पासून शहराच्या आरोग्य मंडळाशी जोडलेली होती. असा आधार नसेल, तर अधिकारी बदलला की समिती विस्कटते.

मसुदा झाला की 2015 च्या मिलान कराराशी, म्हणजे जगातल्या अनेक शहरांनी अन्नधोरणासाठी केलेल्या कराराशी, ताडून पाहा. कारभार, पोषक आहार, सामाजिक-आर्थिक न्याय, उत्पादन, पुरवठा-वितरण आणि नासाडी या त्याच्या सहा विभागांपैकी काय सुटलं ते कळेल. सहाही एकदम हाती घेऊ नका. पहिल्या वर्षी एक-दोन पुरे.

प्रत्येक कामापुढे चार गोष्टी लिहा: जबाबदार खातं, अंदाजपत्रकातलं लेखाशीर्ष (पैसे ज्या नोंदीखाली येतात ती), तारीख आणि मोजमाप. लेखाशीर्ष सापडत नसेल, तर ते काम मसुद्यातून तूर्त काढा आणि वित्त विभागाकडे जाऊन बसा. काम सुरू होण्याआधी एकदा मोजणी करून ठेवा. वर्षाने त्याच वाटांनी, त्याच वेळी पुन्हा चाला.