हॅमस्टरची प्रजाती निवडताय? या चुका टाळा

हॅमस्टर आणून पस्तावलेल्या लोकांच्या तक्रारी ठरावीक असतात. हातात येत नाही. चावतो. दिवसभर झोपतो आणि रात्रभर पिंजऱ्याचे गज कुरतडतो. दोन आणले होते, एकानं दुसऱ्याला रक्तबंबाळ केलं. बहुतेक वेळा यात प्राण्याचा काही दोष नसतो. दुकानात जो गोंडस दिसला तो उचलला जातो, आणि त्या प्रजातीचा स्वभाव काय, तिला लागतं काय, याची चौकशी नंतर सुरू होते. क्रम उलटा झाला की पुढचं सगळं उलटं होत जातं.

घरात पाळले जाणारे हॅमस्टर मुख्यतः पाच प्रजातींचे. सीरियन सगळ्यांत मोठा, साधारण १३ ते १८ सेंटिमीटर लांब आणि शंभर-दीडशे ग्रॅम वजनाचा. कॅम्पबेल आणि विंटर व्हाइट हे दोन ड्वार्फ, म्हणजे बुटके, ८ ते १० सेंटिमीटरचे. रोबोरोव्स्की हा तिसरा ड्वार्फ, जेमतेम ५ सेंटिमीटर आणि वीस-पंचवीस ग्रॅम. पाचवा चायनीज, सडपातळ आणि बाकीच्यांपेक्षा लांब शेपटीचा. विक्रेते त्यालाही ड्वार्फमध्ये ढकलतात, पण प्राणिशास्त्राच्या दृष्टीनं तो वेगळ्या गटातला आहे आणि वागतोही वेगळा. नुसता ‘हॅमस्टर हवाय’ असा विचार केला तर या पाचांतला फरकच नजरेआड होतो.

‘जोडी आणू, एकटा कंटाळेल’

सगळ्यांत महागात पडणारी चूक ही आहे, आणि ती प्रेमापोटी होते म्हणून तिच्याबद्दल जास्त बोलायला हवं.

सीरियन हॅमस्टर एकटाच राहणारा प्राणी आहे. रानात त्याच्या एका बिळात एकच प्रौढ जनावर असतं. आज पाळले जाणारे जवळपास सगळे सीरियन १९३० साली सीरियातल्या अलेप्पो शहराजवळ सापडलेल्या एकाच पिलावळीचे वंशज आहेत. इतक्या पिढ्या माणसाच्या सहवासात गेल्या, तरी हा स्वभाव तसूभर बदललेला नाही. चार-पाच आठवड्यांची होईपर्यंत भावंडं एकमेकांच्या अंगावर झोपतात, म्हणून दुकानातल्या टोपलीत सगळं छान दिसतं. त्यानंतर हद्दीची भांडणं सुरू होतात आणि ती जिवावर बेततात. दोन माद्या, दोन नर, आई-मुलगी, कुठलंही नातं इथं कामाचं नाही. ‘आमचे दोघं सहा महिने नीट राहिले’ असं सांगणारे भेटतात. सातव्या महिन्यात काय झालं, हे त्यांना जरूर विचारा.

ड्वार्फच्या बाबतीत चित्र थोडं वेगळं आहे. कॅम्पबेल, विंटर व्हाइट आणि रोबोरोव्स्की लहानपणापासून एकत्र वाढलेले, एकाच लिंगाचे असले तर एकत्र राहू शकतात. ‘शकतात’ हा शब्द मात्र नीट ऐका. वयात आल्यावर, किंवा वर्षभर गोडीत काढल्यावरही, फूट पडू शकते. म्हणून ड्वार्फची जोडी आणणाऱ्यानं दुसऱ्या पूर्ण पिंजऱ्याची तयारी पहिल्या दिवसापासून ठेवावी. तेवढी जागा नसेल तर एकच आणावा. एकट्या हॅमस्टरला एकटेपणाचं दुःख होतं ही आपली कल्पना आहे. त्याला कंटाळा येतो तो रिकाम्या, अपुऱ्या पिंजऱ्याचा. चायनीज हॅमस्टर तर एकटाच ठेवावा. विशेषतः माद्या एकमेकींना सहन करत नाहीत.

आधीच जोडी आणली असेल तर काय पाहायचं? कधीतरी होणारी झटापट आणि चिवचिव यानं घाबरून जायचं कारण नाही. पण एकजण सतत पाठलाग करतोय, दुसरा घरट्याबाहेर किंवा कोपऱ्यात झोपतोय, त्याला खाण्यापाशी किंवा चाकापाशी येऊ दिलं जात नाहीये, त्याचं वजन उतरतंय, शेपटीजवळ किंवा पोटाखाली जखमा दिसताहेत, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी वेगळं करायचं. प्रत्यक्ष भांडण चालू असताना मध्ये उघडा हात घालू नका. पुठ्ठा किंवा जाड टॉवेल सरकवा. आणि एकदा रक्त निघालं की पुन्हा एकत्र ठेवून ‘जमतंय का बघू’ हा प्रयोग करायचा नाही. जखम लहान दिसली तरी आत पू धरतो, तेव्हा प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

याला जोडून आणखी एक घोळ असतो. पिल्लांचं लिंग ओळखण्यात विक्रेत्यांच्या चुका होतात आणि ‘दोन माद्या’ म्हणून आणलेल्या जोडीतून पिल्लं निघतात. सीरियन मादीचा गर्भकाळ अवघा १६ दिवसांचा आहे, ड्वार्फचा तीन आठवड्यांच्या आत-बाहेर. नर-मादी एकाच पिंजऱ्यात राहिलेल्या ठिकाणाहून आणलेली एकटी मादीसुद्धा गाभण असू शकते. पिल्लं झालीच तर नर असल्यास लगेच काढा, कारण व्याल्याबरोबर मादी पुन्हा गाभण राहू शकते. पहिले दोन आठवडे घरट्याला हात लावू नका. आई बिथरली तर पिल्लं खाते.

लहान म्हणजे सोपा, असं नाही

आकारावरून दोन चुकीचे निष्कर्ष काढले जातात. एक, लहान हॅमस्टरला लहान पिंजरा पुरतो. दोन, लहान हॅमस्टर सांभाळायला सोपा.

रोबोरोव्स्की हे दोन्हींना उत्तर आहे. मंगोलिया आणि उत्तर चीनच्या वाळवंटी भागातला हा प्राणी रात्रभर धावतो. त्याला कोंडलेली जागा मानवत नाही आणि माणसाच्या हातात बसायला त्याला वेळही नसतो. तो सहसा चावत नाही, पण निसटतो, आणि एवढासा जीव कपाटामागे गेला की शोधणं मुश्कील. त्याला हातात घेऊन कुरवाळायचं म्हणून आणणाऱ्यांची निराशा ठरलेली. पण संध्याकाळनंतर शांत बसून पाहायला आवडत असेल तर याच्याइतका रमवणारा हॅमस्टर नाही. माझ्या मते तो पाहण्यासाठीच आणावा. गजांच्या पिंजऱ्यात तो ठेवूच नये, कारण सीरियनला अडवणाऱ्या फटीतून तो सहज पार होतो. काचेची टाकी किंवा बंद बाजूंची पेटी बरी. शिवाय त्याला वाळूची अंघोळ लागतेच. त्यासाठी जाडसर, धूळ नसलेली वाळू वापरा. चिंचिला या दुसऱ्या पाळीव कृंतकासाठी विकली जाणारी बारीक पूड छातीत जाते, ती नको.

जागेचं म्हणाल तर प्रजाती कुठलीही असो, १०० बाय ५० सेंटिमीटरचा सलग तळ हे धोरण ठेवा. दुकानातले रंगीत, मजले आणि नळ्या असलेले पिंजरे याच्या निम्मेही नसतात. चाकात प्रजातीनुसार फरक पडतो: सीरियनला २८ ते ३० सेंटिमीटर व्यासाचं, ड्वार्फ आणि चायनीजला साधारण २० सेंटिमीटरचं. पळताना पाठ वर वाकत असेल तर चाक लहान आहे. पृष्ठभाग सलग हवा. तारांच्या चाकात पाय अडकून मोडतो.

पाटीवरच्या नावांना भुलणं

टेडी बेअर, पांडा, ब्लॅक बेअर, गोल्डन ही वेगवेगळ्या जातींची नावं वाटतात. हे सगळे सीरियनच आहेत, कुणाचे केस लांब, कुणाचा रंग काळा-पांढरा. म्हणून ‘एक टेडी आणि एक पांडा’ अशी जोडी म्हणजे दोन सीरियन एका पिंजऱ्यात.

ड्वार्फमध्ये गोंधळ याहून खोल आहे. कॅम्पबेल आणि विंटर व्हाइट यांचा संकर होऊ शकतो, आणि ‘रशियन ड्वार्फ’ नावानं विकले जाणारे बरेच हॅमस्टर असे मिश्र असतात. मिश्र हॅमस्टर पाळू नये असं नाही. पण त्याला मधुमेहाचा धोका गृहीत धरावा आणि त्याची पैदास मुळीच करू नये. ओळखायचं कसं? शुद्ध विंटर व्हाइटच्या पाठीवर जाड गडद पट्टा असतो, डोक्यावर गडद टोपीसारखा भाग, आणि रंग मोजकेच: नेहमीचा करडा, निळसर सफायर, पांढरट पर्ल. कॅम्पबेलचा पट्टा बारीक, कान टोकदार आणि रंगांचे प्रकार पुष्कळ. लाल डोळ्यांचे किंवा ठिपक्याठिपक्यांचे असतात ते यातले. तेव्हा ‘ठिपक्यांचा विंटर व्हाइट’ असं कुणी म्हणालं की तो एकतर कॅम्पबेल आहे किंवा मिश्र. रोबोरोव्स्की ओळखणं सोपं आहे, त्याच्या डोळ्यांवर पांढऱ्या भुवया असतात आणि पाठीवर पट्टा नसतो.

हा फरक खाण्यापर्यंत पोहोचतो. कॅम्पबेल, मिश्र ड्वार्फ आणि चायनीज यांच्यात मधुमेह आढळतो, म्हणून त्यांना फळं, सुकामेवा, मध लावलेल्या काड्या देऊ नयेत. बाटलीतलं पाणी अचानक भराभर संपायला लागलं, बेडिंग, म्हणजे पिंजऱ्याच्या तळाशी पसरलेलं अंथरूण, नेहमीपेक्षा जास्त ओलं राहू लागलं, तर डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या.

मुलांचा हट्ट आणि हॅमस्टरचं घड्याळ

हॅमस्टर मुलांसाठी आणला जातो आणि मुलं जागी असतात तेव्हा तो झोपलेला असतो. झोपेतून उठवलेला हॅमस्टर चावतो, मूल दचकून हात झटकतं, आणि तो पडतो. हॅमस्टरला उंचीचा अंदाज नसतो आणि दोन-तीन फुटांवरून पडणंही त्याच्या हाडांना पुरतं.

मुलं असलेल्या घरात मी सीरियनच सुचवेन. तो मोठा असल्यानं दोन हातांत नीट मावतो, तुलनेनं सावकाश हलतो आणि हाताला लवकर सरावतो. चायनीजही माणसाळल्यावर फार शांत असतो, बोटाला पायांनी आणि शेपटीनं धरून बसतो. पण तो चपळ आहे आणि उत्तम चढतो, तेव्हा मोठ्या, धीराच्या मुलांसाठी. कॅम्पबेल काहीसा तापट, विशेषतः त्याच्या पिंजऱ्यात हात घातला तर. कुठलाही असो, हाताळणं जमिनीवर बसून, संध्याकाळनंतर, आणि जबाबदारी मोठ्या माणसाची.

आणायलाही संध्याकाळीच जा. भर दुपारी सगळेच हॅमस्टर शांत आणि गरीब दिसतात. जागा झाल्यावर तो कसा चालतो, डोळे स्वच्छ आहेत का, शेपटीखाली ओलसर घाण आहे का, हे पाहा. शेवटची गोष्ट फार महत्त्वाची: लहान सीरियन पिल्लांना जागा बदलण्याच्या ताणानं होणारा तीव्र जुलाबाचा आजार एक-दोन दिवसांत जीव घेतो. एका पिल्लाला तो दिसला तर त्या पिंजऱ्यातलं दुसरंही आणू नका. आणि हॅमस्टर पाळणं सगळीकडे कायदेशीर नाही, उदाहरणार्थ ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये बंदी आहे, तेव्हा आपल्याकडचा नियम आधी तपासा.

आणलाय, पण काहीतरी बिनसलंय

*गज कुरतडतो, कोपरे उकरतो.* ही खोड नाही, तक्रार आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका स्विस अभ्यासात सीरियन हॅमस्टरना १०, ४० आणि ८० सेंटिमीटर खोल बेडिंगवर ठेवून पाहिलं होतं. १० सेंटिमीटरवाले तारा कुरतडण्यात सगळ्यांत पुढे होते. म्हणून आधी बेडिंग वाढवा, निदान एका बाजूला तरी बीळ खणता येईल इतकं, मग पिंजऱ्याचा आकार आणि चाक तपासा. गजांना कडू काहीतरी लावून प्रश्न सुटत नाही.

*दोन महिने झाले, हातात येत नाही.* रोबोरोव्स्की असेल तर अपेक्षा बदला. इतर कुणी असेल तर वरून हात घालून पकडणं बंद करा, वरून येणारा हात त्याच्या दृष्टीनं शिकारी पक्षी असतो. तळहातावर खाऊ ठेवून तो खाली टेकवा आणि त्याला स्वतः चढू द्या. लाजरा चायनीज याला आठवडे लावतो.

*थंडीत ड्वार्फ पांढरा पडू लागला.* विंटर व्हाइट असेल तर नैसर्गिक आहे. दिवस लहान होऊ लागले की त्याची लोकर बदलते, वजनही थोडं उतरतं. घरात रात्री उशिरापर्यंत दिवे असतील तर हे घडतही नाही. केस गळून कातडी दिसत असेल तर मात्र तो आजार आहे.

*अंग गार, हालचाल नाही.* मेला असं समजून घाई करू नका. थंड खोलीत हॅमस्टर सुप्तावस्थेत जातो, श्वास इतका मंद होतो की सहज दिसत नाही. त्याला उबदार खोलीत आणा, हाताच्या उबेनं हळूहळू गरम करा आणि डॉक्टरांना फोन करा. एकदम जास्त उष्णता देऊ नका. पिंजऱ्याची जागा १८ ते २४ अंशांच्या आसपास राहील अशी निवडा.

*ही प्रजाती आपल्याला जमणारच नाही.* असं वाटलं तर उशीर करू नका. हॅमस्टरचं आयुष्य दोन-तीन वर्षांचं, त्यातले सहा महिने टाळाटाळीत घालवणं त्याच्यावर अन्याय आहे. बाहेर कुठं सोडून देणं हा पर्याय नाही, पाळीव हॅमस्टर उघड्यावर तग धरत नाही. जो घेणार असेल त्याला प्रजाती, अंदाजे वय, आजवरचं खाणं आणि चावण्याची सवय असेल तर तीही स्पष्ट सांगा. पिंजरा आणि त्यातलं थोडं वापरलेलं बेडिंग सोबत द्या, म्हणजे नव्या जागी त्याला स्वतःचा वास सापडेल.