मतदार यादीतलं नाव आणि टपाली मत: शेवटच्या तारखा मोजायच्या कशा, आणि राहिलं तर जबाबदार कोण

मतदान कधी आहे हे कोल्हापुरात कुणालाही विचारा, पाठ असतं, पण नाव नोंदवायची शेवटची तारीख कोणती होती असं विचारलं की सगळे एकमेकांकडं बघतात. ती तारीख मतदानाच्या आसपास नसतेच, चांगली महिनाभर आधी येऊन गेलेली असते. म्हणून आधी ती मोजायची कशी ते सांगतो, मग टपाली मताचं, आणि मग जबाबदारीचं, कारण दरवेळी "आमचं नाव कुणी काढलं" आणि "तुम्ही अर्जच केला नाही" असं भांडण होतं आणि त्यात बऱ्याचदा दोन्हीकडं थोडं थोडं खरं असतं.

मोजायचं असं. मतदानाची तारीख बाजूला ठेवा आणि उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख बघा. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २३ प्रमाणे ती वेळ टळली की त्या निवडणुकीपुरतं यादीत नाव घालता येत नाही, काढता येत नाही, इकडचं तिकडं करता येत नाही. त्यात तुमचा अर्ज आला की हरकतींसाठी ७ दिवस ठेवावे लागतात, बीएलओची (म्हणजे आपल्या भागातल्या यादीचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याची) चौकशी वेगळीच, त्यामुळं अर्ज त्या तारखेच्या १० दिवस आधी पोचलेला पाहिजे.

२०२४ ची लोकसभा घ्या. कोल्हापूर आणि हातकणंगले दोन्हीकडं मतदान ७ मे ला होतं, उमेदवारीची शेवटची तारीख १९ एप्रिल, म्हणजे नोंदणी संपली ९ एप्रिलला, आणि त्या वर्षी ९ एप्रिलला गुढीपाडवा होता, घरोघरी गुढी आणि श्रीखंडाची गडबड, फॉर्म कुणाच्या डोक्यात असणार. त्याच वर्षीच्या विधानसभेला तर त्याहून वाईट. १२ ऑक्टोबरला दसरा झाला, १५ ला निवडणूक जाहीर झाली, उमेदवारीची शेवटची तारीख २९, म्हणजे नोंदणी १९ ऑक्टोबरपर्यंत. घोषणा झाल्यावर हातात चार दिवस! मतदान २० नोव्हेंबरला आहे म्हणून दिवाळी झाल्यावर बघू म्हणणारा माणूस तिथंच बाहेर पडला. म्हणून "आचारसंहिता लागली की फॉर्म भरू" हे डोक्यातनं काढाच, आचारसंहिता लागली म्हणजे मुदत संपत आली असं समजायचं.

आता फॉर्म. नवीन नाव असेल तर ६ नंबर. आधीच कुठंतरी नाव आहे आणि पत्ता बदललाय, नावात चूक आहे, फोटो चुकलाय, कार्ड हरवलंय, तर ८ नंबर. कोल्हापुरातनं इचलकरंजीला राहायला गेलात तरी आता ८ नंबरच, पूर्वी दुसऱ्या मतदारसंघात गेलं की परत ६ भरायला लागायचा, ते २०२२ पासून बंद झालं, पण अजून लई जण जुन्या सवयीनं ६ भरतात आणि मग एकाच माणसाचं नाव दोन ठिकाणी दिसतं. दोन ठिकाणी नाव असणं कायद्यात बसत नाही, आणि फॉर्मवर आधी कुठंच नाव नाही असं खोटं लिहून दिलं तर एक वर्षापर्यंतच्या कैदेची तरतूद आहे, तेव्हा हे हलक्यात घेऊ नका. लग्न होऊन सासरी आलेल्या मुलींचं सगळ्यात जास्त राहतं बघा. माहेरच्या यादीत नाव तसंच, इकडं कुणी ८ भरलेला नाही, आणि मतदानादिवशी चंदगडवरनं शिरोळला फक्त मत द्यायला कोण जाणार. घरात नवीन सून आली की रेशनकार्डाच्या कामाबरोबरच हा फॉर्म पण भरून टाका.

अठरा वर्षांच्या पोरापोरींसाठी २०२२ पासून चांगला बदल झालाय. अठरा पूर्ण झाली का हे बघायला पूर्वी १ जानेवारी ही एकच तारीख धरायचे, आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत, आणि १७ पूर्ण झाले की आधीच अर्ज करून ठेवता येतो. कॉलेजच्या हॉस्टेलवर राहणाऱ्यांना घरचा पत्ता किंवा हॉस्टेलचा पत्ता, दोन्हींतला एक निवडता येतो, म्हणजे शिवाजी विद्यापीठात शिकणारा बाहेरच्या जिल्ह्यातला पोरगा इथं नाव घालू शकतो, पण मग गावचं चालू ठेवता येत नाही.

फॉर्म ऑनलाइन निवडणूक आयोगाच्या वोटर्स पोर्टलवर भरा नाहीतर बीएलओकडं कागदावर द्या, दोन्ही चालतं, पण संदर्भ क्रमांक घेतल्याशिवाय गप्प बसू नका. आणि फॉर्म भरला म्हणजे नाव आलं असं नाही, अर्जाची स्थिती अधूनमधून बघत राहा, शेवटी यादीत स्वतःचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक स्वतःच्या डोळ्यानं बघा. कार्ड खिशात आहे म्हणून निर्धास्त राहणारे लोक मला सगळ्यात जास्त भेटतात. कार्ड नसलं तर आधार, पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन असं काहीतरी चालतं, पण यादीत नाव नसलं तर कार्ड असून काही उपयोग नाही.

महापालिकेचं गणित वेगळं आहे, ते पण समजून घ्या. ती निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो आणि त्यांची स्वतःची यादी नसते, विधानसभेची यादी एका ठरलेल्या दिवशी जशी असेल तशी घेतात आणि प्रभागवार फोडतात. २०२६ च्या जानेवारीत कोल्हापूर महापालिकेचं मतदान झालं त्याला १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. म्हणजे दिवाळीत नाव नोंदवलेल्या माणसाचं विधानसभेच्या यादीत नाव आलं तरी महापालिकेला मत नाही. प्रारूप यादीवर हरकती मागवतात तेव्हा चुकीच्या प्रभागात गेलेलं नाव दुरुस्त होतं, नवीन नाव घालून मिळत नाही, हे माहीत नसल्यामुळं लोक तिथं विनाकारण वाद घालतात.

आता टपाली मत. पहिली गोष्ट, पुण्याला किंवा बेंगळुरूला नोकरी करणाऱ्याला ते मिळत नाही. आखातात असणाऱ्याला पण नाही, त्याला ६ ए फॉर्म भरून नाव घालता येतं पण मत द्यायला पासपोर्ट घेऊन इथल्या बूथवरच यावं लागतं. बाहेरगावावरनं मत देण्याच्या मशीनचा नमुना दाखवायला आयोगानं २०२३ च्या जानेवारीत पक्षांना बोलावलं होतं पण ते पुढं सरकलं नाही. तेव्हा पुण्यात कायमचं राहत असाल तर तिथंच नाव न्या, नाहीतर त्या दिवशीची एसटी आधीच बुक करा.

मिळतं कुणाला, तर ८५ वर्षांवरच्या लोकांना आणि ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असणाऱ्यांना घरून मत देता येतं. फॉर्म १२ डी. मुदत निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून फक्त ५ दिवस. लक्षात घ्या, घोषणा वेगळी आणि अधिसूचना वेगळी, विधानसभेला घोषणा १५ ऑक्टोबरला होती आणि अधिसूचना २२ ला, तिथनं ५ दिवस धरायचे. हा फॉर्म बीएलओनं घरी आणून द्यायचा आणि भरून परत न्यायचा असतो. मग मतदानाच्या आधी पथक घरी येतं, पहिल्या फेरीला माणूस घरी सापडला नाही तर दुसऱ्यांदा येतं, त्यानंतर येत नाही. आणि एकदा १२ डी मंजूर झाला की बूथवर जाऊन मत देता येत नाही, म्हणून आजी-आजोबांना विचारून मगच भरा, अजून कितीतरी जणांना नातवाचा हात धरून बूथवर जायचीच हौस असते आणि ती राखली पाहिजे. अपंगत्वाची नोंद यादीत असेल तर काम सोपं होतं, ती नोंद ८ नंबरच्या फॉर्मनं आधीच करून घ्या.

निवडणूक ड्युटीवरच्या शिक्षकांनी आणि कर्मचाऱ्यांनी फॉर्म १२ पहिल्या ट्रेनिंगलाच भरून द्यावा, कायद्यात मतदानाच्या ७ दिवस आधीपर्यंत म्हटलंय पण तिथपर्यंत थांबू नका. ड्युटीची ऑर्डर, भाग क्रमांक, अनुक्रमांक बरोबर ठेवा. मतपत्रिका आता सुविधा केंद्रावरच भरून द्यायची असते, घरी नेता येत नाही.

फौजी भावांचं मात्र जपून करा. सैनिक टाकळीसारखी गावं असलेल्या जिल्ह्यात हे घराघरातलं काम आहे. जवानाचं नाव युनिटमार्फत सेवा मतदार म्हणून नोंदवतात, त्यासाठी वेगळी यादी असते, आणि गावच्या साध्या यादीत परत नाव ठेवायचं नसतं. मतपत्रिका त्याच्याकडं ऑनलाइन जाते, पण भरलेली परत पोस्टानंच येते आणि मतमोजणी सुरू व्हायच्या वेळेपर्यंत, म्हणजे सकाळी ८ पर्यंत, पोचली नाही तर उघडतसुद्धा नाहीत. मतपत्रिका उमेदवार पक्के झाल्यावरच, म्हणजे माघारीची तारीख गेल्यावरच निघते. लोकसभेला माघारीची तारीख २२ एप्रिल आणि मोजणी ४ जूनला, सहा आठवडे मिळाले. विधानसभेला माघार ४ नोव्हेंबर आणि मोजणी २३ ला, तीन आठवडे पण नाहीत, आणि त्यातच सीमेवरच्या चौकीवरनं पाकीट इथपर्यंत यायचं. म्हणून मतपत्रिका मिळाली की त्याच दिवशी भरायची. पाकिटात १३ ए चं घोषणापत्र सही-साक्षीसह घालायला विसरू नका, ते नसलं तर मतपत्रिकेचं पाकीट न उघडताच मत बाद होतं.

जबाबदारीचं माझं मत सरळ आहे. मुदतीत अर्ज करणं आणि यादी तपासणं हे आपलं काम, त्याला दुसरा कुणी जबाबदार नाही, पक्षाचा कार्यकर्ता पण नाही. पण अर्ज वेळेत गेला असेल तर तो निकाली काढणं हे मतदार नोंदणी अधिकाऱ्याचं काम, आणि असलेलं नाव नोटीस न देता, म्हणणं ऐकून न घेता काढता येत नाही, हे कलम २२ मध्ये आहे आणि सुप्रीम कोर्टानं १९९५ च्या लाल बाबू हुसेन खटल्यात पण ठणकावून सांगितलंय. पंधरा वर्षं त्याच घरात राहणाऱ्याला "तुम्ही चेक करायला पाहिजे होतं" म्हणून परत पाठवणं मला अजिबात मान्य नाही. तसंच अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या दारात १२ डी घेऊन कुणी आलंच नाही तर ती चूक त्या घराची नाही, कारण त्याला दुसरा रस्ताच नाही. बीएलओवर कामाचा बोजा असतो, बऱ्याच जणी शाळा-अंगणवाडी सांभाळून हे करतात, त्यांच्यावर आवाज चढवून काही होत नाही, जाब वरच्या अधिकाऱ्याला विचारायचा.

विचारायचा कसा, तर अधिसूचनेनंतर दोन दिवसांत १२ डी आला नाही तर १९५० या हेल्पलाइन नंबरला फोन करा आणि मतदारसंघाच्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या ऑफिसात लेखी द्या, पोच घ्या. नाव घालायचा अर्ज नामंजूर झाला किंवा नाव काढलं तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडं अपील, तिथं नाही झालं तर ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडं दुसरं अपील. अधिकाऱ्यानं कारण नसताना कर्तव्य टाळलं तर कलम ३२ मध्ये किमान तीन महिने ते दोन वर्षं कैद आणि दंड आहे, पण असला खटला आयोगाच्या किंवा राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याच्या आदेशानं केलेल्या तक्रारीवरच चालतो, म्हणून आपल्या अर्जात कोणत्या तारखेला काय दिलं ते नीट लिहा आणि संदर्भ क्रमांक, अर्जाच्या स्थितीचा स्क्रीनशॉट, जुन्या यादीतल्या नावाच्या पानाची प्रत आणि त्याच पत्त्याचं लाइट बिल हे चारही जोडा.